चार टप्पे, साडेसत्तावीस किलोमीटर

२ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, पाठ अजून तेवढी वाकते.

वहिनींकडून कळलं की तुम्ही दोघं सहा डिसेंबरला लेकीकडे निघताय आणि परतीचं काही ठरलेलं नाही. तू फोनवर येत नाहीस. वहिनी ‘ते बाहेर गेलेत’ म्हणतात आणि मागे तुझा खोकला ऐकू येतो. खोकल्यावर काहीतरी घे. पत्रं मात्र तू वाचतोस आणि घडी घालून फळीवर ठेवतोस, असं त्याच म्हणाल्या. म्हणून लिहितो.

कामाचं आधी. बाबांचा एक निरोप माझ्याकडे आहे, तुझ्यासाठी. शेवटच्या दिवशी पहाटे त्यांनी तो मला सांगितला आणि मी तो तुला दिला नाही. एकतीस वर्षं झाली. तू जाण्याआधी तो तुला द्यायचा आहे.

पत्रात लिहिता आला असता. दोनदा लिहिला आणि फाडला. कागदावर तो फार लहान दिसतो. समोर येऊन सांगावा असं ठरवलंय, आणि सायकलने यावं, कारण तेव्हाही सायकलनेच निघालो होतो. डॉक्टर म्हणाले, गुडघा चालवा, पण एकदम सत्तावीस किलोमीटर नको, थोडं थोडं वाढवा. तेव्हा दर रविवारी एक टप्पा पुढे जायचं आणि परत फिरायचं, असं कालपासून चालू केलंय. टप्पे तुला माहीत आहेत: घर ते पूल, पूल ते तिठा, तिठा ते खाणीचा माथा, माथा ते तुमची वसाहत.

माझ्या लेकीने सायकलला लावायचा मीटर आणून दिला. मोबाइलमध्ये हे सगळं आपोआप होतं म्हणाली, ‘पण बाबा, तुम्हाला आकडा स्वतः लिहिल्याशिवाय जेवण जात नाही.’ खरं आहे. पंपघरावर बावीस वर्षं दर तासाला टाकीची पातळी आणि पाण्याचा दाब लिहितोय.

मीटर आगपेटीएवढा आहे. पुढच्या चाकाच्या एका तारेला लोहचुंबक आणि चाक धरणाऱ्या चिमट्याला एक डोळा. चुंबक डोळ्यासमोरून गेलं की एक फेरा. बटण एकच. दाबत गेलं की वेग, अंतर, चालवल्याचा वेळ, सरासरी, असं एकेक दिसतं. तेच बटण तीन मोजेपर्यंत दाबून धरलं की फेरीचे आकडे शून्य. खाली एक एकूण अंतर असतं, ते तेवढं पुसलं जात नाही. टप्पा म्हणजे काय हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही. टप्पा आपण करायचा. थांबायचं, आधी वहीत उतरवायचं, मग शून्य करायचं.

काल पुलावर मी नेमकं उलट केलं. आधी शून्य केलं आणि मग पेन्सिल शोधली. एकूण आकड्यातून सकाळचा एकूण आकडा वजा केला म्हणून अंतर तरी मिळालं, वेळ गेला तो गेलाच. येताना नीट मोजला.

घर ते पूल: ४.८४ किलोमीटर, १९ मिनिटं.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

•

९ नोव्हेंबर

दादा,

पूल ते तिठा: ६.५१, २८ मिनिटं. कालव्याच्या बांधावरून गेलो. बांध तसाच आहे. दोन्हीकडे गवत, मधे एका चाकाची वाट.

मीटरची एक सवय काल लक्षात आली. चाक थांबलं की त्याचं घड्याळही थांबतं. तिठ्यावर मी भाकरी खाल्ली, पाणी प्यालो, गुडघा चोळला. मनगटावरच्या घड्याळात बावीस मिनिटं गेली, मीटरमध्ये एकही नाही. आपण बसलो हे त्याला कळतच नाही. चालवणाऱ्याची त्यात सोय आहे, सरासरी चांगली दिसते.

त्या दिवशीचे आकडे मला पाठ आहेत, तुलाही असतील. पहिली बस आठची होती, सायकलने त्याच्या आत पोचशील म्हणून आत्याने मला सहाला काढलं. मी तुझ्या खोलीवर दहाला पोचलो. साडेदहाची बस, लांबच्या रस्त्याने दीड तास. आपण घरी बाराला. बाबा अकरा चाळीसला गेले होते.

अंगणात तू मला विचारलंस, ‘सहाला निघालास, दहाला पोचलास. एवढा वेळ कसा लागला?’

मी म्हणालो, ‘वारा होता.’

तू पुढे काही विचारलं नाहीस. आत्या तिथे उभी होती, तिने ते ऐकलं, आणि आमच्याकडे त्याची म्हणच झाली. कुणाला उशीर झाला की ‘वारा होता वाटतं.’ दूध उशिरा आलं, वारा होता. लेकीचा निकाल लांबला, वारा होता. तुझी भावजयही म्हणते. म्हण कुठून आली ते तिला माहीत नाही.

तू त्या दिवशी घरात आला नाहीस. बाबांना बाहेर आणल्यावर खांदा दिलास, पण आत आला नाहीस. सुतारकाम सोडून कारखान्यात गेलास तेव्हा बाबा म्हणाले होते, ‘गेलास तर या उंबऱ्याच्या आत परत पाऊल टाकायचं नाही.’ उंबरा त्यांनीच केलेला, चौकट त्यांनीच बसवलेली. तू शब्द पाळलास. लोक म्हणाले, थोरला हट्टी आहे, बाप गेला तरी राग गेला नाही. मी ते ऐकलं आणि काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे होतं.

पुढचा टप्पा चढाचा आहे. बघू.

धाकटा

•

१६ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड शनिवारी आलं. बावीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तीन ओळी आहेत, मला पाठ झाल्या. ‘पूल ते तिठा सात आहे, साडेसहा नव्हे. चाकाचा घेर चुकीचा भरलास. निरोप तोंडी असेल तर तोंडीच आण.’

तुझं बरोबर निघालं. मीटरबरोबरच्या कागदावर निरनिराळ्या चाकांचे घेर मिलिमीटरमध्ये छापलेत. मी दुसऱ्याच चाकाची ओळ वाचली आणि दोन हजार सत्तर भरलं. काल सकाळी टायरला आणि अंगणातल्या फरशीला खडूने खूण केली आणि चाक एक पूर्ण फेरा चालवलं. टेपचं दुसरं टोक तुझ्या भावजयीच्या हातात.

‘सरळ धर,’ मी म्हणालो.

‘सरळच आहे. तुम्ही वाकडे उभे आहात.’

‘किती?’

‘दोन मीटर बावीस. एवढ्यासाठी मला आंघोळीतून हाक मारलीत?’

म्हणजे दर फेऱ्याला पंधरा सेंटिमीटर कमी मोजलं जात होतं. आता पहिला टप्पा ५.१९ आणि दुसरा ६.९८. वेळ चुकला नव्हता, वेळेला चाकाशी देणंघेणं नाही.

तिने तुझं कार्ड वाचलं. म्हणाली, ‘अहो, बांधावर मैलाचा एकसुद्धा दगड नाही. दादांना सात कसं माहीत?’ मलाही तोच प्रश्न पडला. मग ती म्हणाली, ‘आणि निरोप कसला?’ मी म्हणालो, जुना. ती म्हणाली, ‘बस दीड तासात जाते. तुम्ही चार रविवार लावताय. हा गुडघ्याचा व्यायाम चाललाय की दुसरं काही?’

काल खरोखरच समोरून वारा होता. गवत सगळं माझ्याकडे आडवं झालेलं. तिठा ते माथा, ६.४२, ४१ मिनिटं. त्याहून महत्त्वाचा आकडा मागच्या टप्प्याचा. पूल ते तिठा मागच्या रविवारी २८, काल वाऱ्यात ३५. म्हणजे चांगला वारा असेल तर पाव हिश्श्याने वेळ वाढतो. पूर्ण रस्ता वाऱ्याशिवाय पावणेदोन-दोन तासांचा, वाऱ्यात सव्वादोन, फार तर अडीच. हे माझ्या आत्ताच्या वयात आणि या गुडघ्याने. त्या दिवशी मी अठरा वर्षांचा होतो.

चार तासांतून अडीच गेले, राहिले दीड. आणि त्या दिवशी वारा नव्हता.

मी तिठ्यावर बसलो होतो. त्या मोठ्या झाडाखाली, सायकल आडवी टाकून. उजाडलं होतं. हात जोडून, डोळे मिटून बसलो आणि देवाचं नाव घेत होतो. हे खोटं नाही. आपल्या मास्तरांनी शाळेत शिकवलं होतं की अडचणीत आधी देवाचं नाव घ्यावं, मग हातपाय हलवावेत. मी पहिलंच करत राहिलो. दोन तास.

काय मागत होतो ते आज लिहीत नाही.

धाकटा

•

२३ नोव्हेंबर

दादा,

काल रविवारी आलो नाही. पंपघरावर दुसऱ्या ऑपरेटरची रजा होती, त्याच्या जागी मी उभा राहिलो. त्याने मला विचारलं नव्हतं, मीच त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, ‘तुला रविवारी सुट्टी हवी होती ना?’ तो म्हणाला, ‘काका, मी कधी म्हणालो?’ पण मिळाली ती घेतली.

दिवसभर चोवीस तासांच्या तक्त्यात माझ्या बारा तासांचे आकडे भरले. सगळे बरोबर. दुपारी जरा निवांत झालो तेव्हा कळलं की मी पुन्हा तिठ्यावर बसलो आहे. त्या वेळी झाड होतं आणि हात जोडलेले होते, या वेळी मीटर, वही आणि डॉक्टरचा सल्ला आहे.

आता मागच्या पत्रात राहिलं ते.

बाबा दोन वर्षं अंथरुणावर होते. त्यांचं सगळं मी करत होतो. अंग पुसणं, कूस बदलणं, भांडं धरणं. तक्रार नाही, करायलाच हवं होतं. पण त्या दोन वर्षांत ते माझ्याशी कामाचं सोडून काही बोलले नाहीत. ‘पाणी दे.’ ‘खिडकी लाव.’ आणि त्या पहाटे मला जवळ बोलावलं, मी कान तोंडाशी नेला, आणि ते तुझ्याबद्दल बोलले.

तिठ्यावर मी हे मागत होतो की तू खोलीवर नसावास. कुठेतरी गेलेला असावास, पत्ता लागू नये. मग मी एकटा परत येईन, ‘दादा भेटला नाही’ म्हणेन, आणि त्यांना शेवटी माझ्याकडेच बघावं लागेल. असं मागितलं. शब्दांत मागितलं, नुसतं मनात आलं असं नाही. मागून झालं तरी उठवेना, कारण तू खोलीवर असशीलच हे मला माहीत होतं. तुझी दुपारपाळी होती.

देव या बाबतीत काय करतो ते मला कळत नाही. रोज सकाळी त्याच्यापुढे उभा राहतो, पण त्या दिवसापासून काही मागत नाही. नुसता उभा राहतो.

बसमध्ये दीड तास तुझ्या शेजारी बसलो होतो. निरोप तेव्हा द्यायचा होता. तू दोनदा विचारलंस, ‘बाबा काही म्हणाले?’ मी म्हणालो, ‘तुला बोलवलंय.’

आणि माझ्या लग्नात. तू आलास, अंगणात उभा राहिलास, उभ्यानेच जेवलास. मी पाहुण्यांसमोर मोठ्याने म्हणालो, ‘घरात यायला पाय जड झाले का कारखान्याच्या साहेबांचे?’ चारजण हसले. तू ताट खाली ठेवलंस, हात धुतलेस आणि गेलास. तेव्हापासून आपलं बोलणं नाही. पाय का जड होते हे त्या अंगणात एका माणसाला माहीत होतं, आणि तोच विचारत होता.

एवढं लिहून झालं आणि वहिनींचा फोन आला. तिकीट बदललं, लेकीने अलीकडचं काढलं. सत्तावीसला, म्हणजे येत्या शुक्रवारी निघताय. चौथा टप्पा मोजायला रविवार उरला नाही.

उद्या येतो. पूर्ण. हे पत्र माझ्या मागूनच पोचेल, तरी पेटीत टाकतो, कारण यातलं सगळं तोंडाने सांगायला जमेल याची खात्री नाही.

धाकटा

•

२९ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र तुझ्या लेकीच्या पत्त्यावर पाठवतोय. वहिनींनी तो शुक्रवारी आमच्या लेकीला लिहून दिला होता. पोचायला दहाबारा दिवस लागतील असं पोस्टात म्हणाले.

मंगळवारचं आणि शुक्रवारचं तुला माहीतच आहे, तू तिथे होतास. तरी क्रमाने लिहितो. एक ओळ गाळली तर पुढच्या ओळी जुळत नाहीत.

मंगळवारी मधे कुठेही बटण दाबलं नाही, म्हणून टप्पे नाहीत. एकच आकडा आहे: २७.४६, एक तास सत्तेचाळीस मिनिटं. मनगटावरचं घड्याळ आणि मीटर यांत चार मिनिटांचा फरक पडला. तो खाणीच्या चढावर. उतरून सायकल ढकलताना दोनदा दम घ्यायला उभा राहिलो.

तू खोक्यांना दोरी बांधत होतास. मला पाहून पहिलं काय म्हणालास, तर ‘पुढचं चाक डगडगतंय.’

मी म्हणालो, ‘असू दे.’

‘असू दे काय? पडशील एखाद दिवस. गुडघा?’

‘आहे जागेवर.’

वहिनी आतून म्हणाल्या, ‘भाऊजी, आत या की. उन्हात काय उभे?’ मी म्हणालो, इथे बरा आहे. तू म्हणालास, ‘नाटकं करू नकोस. या घरात यायला तुला कुणी बंदी केलेली नाही.’ मी आत आलो आणि त्या खोक्यावर बसलो ज्यावर तू ‘भांडी’ लिहिलं होतंस.

मग निरोप दिला. ‘बाबा म्हणाले, थोरल्याला म्हणावं, माझं चुकलं.’

तू गाठ मारत होतास ती पूर्ण केलीस. मग म्हणालास, ‘पुन्हा सांग.’

पुन्हा सांगितलं.

‘आणि तू बसमध्ये माझ्या शेजारी बसलास.’

‘हो.’

‘खिडकीशी.’

‘हो.’

‘खिडकीशी बसू दे म्हणालास. मी दिली जागा.’

मला ते आठवत नव्हतं, तुला आठवत होतं. नंतर तू त्या सात किलोमीटरचं सांगितलंस. बाबा गेले त्याच्या पुढच्या महिन्यात तू एकाची सायकल मागून घेतलीस, कारखान्यातलं जुनं फेरे मोजायचं यंत्र चाकाला बांधलंस आणि वसाहतीपासून आपल्या पुलापर्यंत येऊन परत गेलास. ‘दीड तासाचा रस्ता,’ तू म्हणालास. ‘वारा असला तर दोन.’

मी विचारलं, ‘मग तू कधी बोलला का नाहीस?’

‘काय बोलणार? तू म्हणालास वारा होता. मी म्हटलं, असेल.’

वहिनींनी जेवायला वाढलं. मी म्हणालो, ‘दादा, माझं फार चुकलं.’ तू म्हणालास, ‘‘माझं चुकलं’ हे लोक गर्दीत पाय लागला तरी म्हणतात. माझ्याकडे माफीबिफी मागू नकोस. मला जमायचं नाही. भात घे.’ मग पाना आणलास आणि चाक आवळून दिलंस. निघताना म्हणालास, ‘शुक्रवारी गाडी पुलावरूनच जाईल. बघू.’

या ‘बघू’चं मी घरी येऊन तुझ्या भावजयीला सांगितलं. सगळंच सांगितलं. तिने ऐकून घेतलं. फक्त एवढं म्हणाली, ‘एकतीस वर्षं तुमच्या पोटात राहिलं कसं?’ मग झाडू घेतला आणि सगळं घर झाडून काढलं, माळासुद्धा.

शुक्रवारी सकाळी नऊला गाडी अंगणात आली. वहिनी उतरल्या, सरळ आत गेल्या. माझी लेक तुझ्यापुढे वाकली. तुझी भावजय पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. तू दारापर्यंत आलास. चौकटीवर हात ठेवलास, वरच्या कोपऱ्यातल्या सांध्यावरून अंगठा फिरवलास आणि म्हणालास, ‘सांधा पक्का आहे अजून.’ मी म्हणालो, ‘एकदाही हलला नाही.’

तुझा उजवा पाय उंबऱ्यापासून वीतभर होता. मी पायाकडेच बघत होतो.

तू मान न वळवता हळूच विचारलंस, ‘‘चुकलं’ म्हणाले, की ‘चुकलो’?’

तुला काय हवं होतं ते मला लगेच कळलं. ‘चुकलं’ म्हणजे बस चुकते, वाट चुकते, कुणाचं काही चुकत नाही आणि तरी चुकतं. ‘चुकलो’ म्हणायला माणूस लागतो. उंबऱ्यावर ज्याने तुला अडवलं त्याने स्वतः उठून बाजूला व्हायला हवं होतं. पुन्हा बसमधलाच प्रश्न, आणि या वेळी रस्ता नव्हता, वारा नव्हता, बसची वेळ नव्हती. उत्तर द्यायला एक शब्द पुरे होता.

मी म्हणालो, ‘चुकलं. बहुतेक. आता नीट आठवत नाही.’

तू ‘बरं’ म्हणालास. तांब्यातलं पाणी तिथेच उभ्याने प्यालास. भावजयीला ‘येतो’ म्हणालास, माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवलास आणि गाडीत जाऊन बसलास. ड्रायव्हरने आरसा नीट केला. वहिनी डोळे पुसत मागून गेल्या.

गाडी पुलाकडे वळली आणि तुझी भावजय माझ्याकडे बघत होती. म्हणाली, ‘मंगळवारी मला सांगताना तुम्ही दुसरा शब्द म्हणाला होतात.’

मी म्हणालो, ‘हो.’

‘मग?’

तिला उत्तर दिलं नाही, तुला देतो. त्या दोन वर्षांत ते मला कधी काही म्हणाले नाहीत, आणि तुला हा शब्द. तो सबंध तुझ्या हातात ठेवायला माझा हात होईना. मंगळवारी अर्धा दिला, शुक्रवारी अर्ध्यावरच राहिलो. आठवत नाही असं नव्हतं. रोज आठवतो. सकाळी देवापुढे उभा राहतो तेव्हाही तोच ऐकू येतो.

बाबांचे शब्द असे होते: ‘थोरल्याला म्हणावं, मी चुकलो.’

आवाज बारीक होता, दोनदा श्वास घ्यावा लागला. पण शब्द ‘चुकलो’ होता, दादा. मी अगदी जवळ होतो. मला नीट ऐकू आलं.

धाकटा